अठ्ठावीस मिनिटं

१

मशीन पुन्हा मेलं होतं. रविवारी सकाळी साडेनऊला, बोर्ली पंचतनात, झियानच्या स्टुडिओत, एका लग्नाची फिल्म निम्मी झालेली असताना स्क्रीन काळी पडली ती पडलीच. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, आत जीव नाही.

तीन महिन्यांत तिसऱ्यांदा. दर वेळी मेलेला तो प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदूच म्हणा ना. कंपनीने दोनदा बदलून दिला, पण दुसऱ्या वेळी विचारलंनच, तुम्ही त्याच्याशी करता तरी काय?

आणि हे मशीन जोडलेलं कोणी, तर म्हसळ्याच्या सुचिताने. सुट्टे भाग आणून, एकेक स्क्रू स्वतः पिळून. म्हसळ्यात तिचं रिपेअरिंगचं छोटं दुकान, वय चोवीस. गिऱ्हाइकं निम्मी बोर्लीची, आणि बोर्लीत बातमी रिक्षाच्या आधी पोचते. पहिला प्रोसेसर गेला तेव्हा लोक म्हणाले, नशीब. दुसरा गेला तेव्हा म्हणाले, पोरीच्या हाताला गुण नाही. आता तिसरा. तेव्हा फोन आल्या आल्या सुचिताने शटर ओढलं, स्कूटर काढली आणि घाटी सरळ तिसऱ्या गिअरात असल्यासारखी उतरली. स्कूटरला गिअर नसतात ते सोडा.

स्टुडिओ पहिल्या मजल्यावर. खाली झियानच्या चाचांचं, फकरुद्दीनचाचांचं जाळी-दोरीचं दुकान. जिन्यातच झियान भेटला. एरवी हसून बोलणारा माणूस, आज चावी बोटात फिरवत नुसता उभा.

"झियानभाई, मी बघते. दोन तास द्या."

"बघ. पण एक सांगतो, नंतर वाईट वाटून घेऊ नको." त्याने चावी मुठीत धरली. "मी पनवेलच्या कमलेशला बोलावलंय. चार वाजता येतोय. तोपर्यंत तुला सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर इथली सगळी मशीनं आजपासून त्याच्याकडे."

सुचिताने घड्याळ बघितलं. साडेदहा वाजले होते. इथली मशीनं गेली की दिवेआगरची हॉटेलं जाणार, हॉटेलं गेली की शाळा जाणार, आणि मग म्हसळ्याच्या दुकानात माश्या मारायच्या.

ती वर गेली, तर मेलेल्या मशीनच्या खुर्चीत आधीच कोणीतरी बसलेलं होतं. तेजस्वी.

२

आता तेजस्वीचं सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दोघी एकाच कॉम्प्युटर क्लासच्या. म्हसळ्यात अनंतासरांकडे दोन वर्षं एका बाकावर, एका डब्यात जेवलेल्या. मग झियानने स्टुडिओ काढला. त्याला एक एडिटर हवा होता. दोघींनी अर्ज केला आणि घेतलंन तेजस्वीला. बस. एवढंच. पण हे एवढंच सुचिताच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं होतं. तेजस्वीचा फोटो मोबाइलवर दिसला की ती तो अंगठ्याने वर ढकलायची, आणि मग परत खाली आणून बघायची.

स्टुडिओत मशीनं दोन. खिडकीजवळचं तेजस्वीचं, त्यात ग्राफिक्स कार्ड मोठं. भिंतीजवळचं गणराजचं, तेच सुचिताने जोडलेलं. गणराज दिवेआगरचा, तेवीस वर्षांचा, एडिटर म्हणून गेल्या वर्षी लागलेला. आणि दोन मशीनांच्या मधल्या भिंतीवर एक पांढरा बोर्ड. झियान प्रत्येक लग्नाची वीस मिनिटांची फिल्म करून देतो. ती शेवटी मशीनकडून पक्की करून घ्यायला किती मिनिटं लागली ते ज्याने त्याने बोर्डवर लिहायचं. तारीख, नाव, मिनिटं. शनिवारी झियान बोर्डासमोर उभा राहून शाबासकी देणार, हा इथला रिवाज.

सुचिताची नजर बोर्डवर गेली, आणि गेली ती कुठे, तर तेजस्वीच्या नावावर. एकतीस. एकतीस. एकतीस. किती ते सारखं अक्षर, किती तो तोरा.

"ऊठ ना," सुचिता म्हणाली. "मला बसायचंय."

"बस की. मी नुसती वायरी बघत होते."

"वायरी मी बघते."

तेवढ्यात चाचा धापा टाकत वर आले. वीस वर्षं कुवेतला काढलेला माणूस, वायरिंगमधलं आपल्याला सगळं कळतं असं मानणारा. "काय गो पोरी, तुला मी मागंच सांगितलं. व्होल्टेज हाय ते, व्होल्टेज. शनवार-रयवार मुंबयचे लोक येतात, दिवेआगरात शंभर एसी चालू व्हतात, लाइन खालीवर नाचते. मशीन मरलं कधी? शनवारी. मागलं? रयवारी. आज? रयवार. अजून काय पायजे?"

खरं तर पटण्यासारखं होतं. पण सुचिताने खाली वाकून यूपीएस बघितलं. लाइट खालीवर झाली तर ती मशीनपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये बसवलेला तो डबा. त्याच्यावर छोटी स्क्रीन असते, कधी किती झटका आला ते नोंदवते. तीन महिन्यांत एकही मोठा झटका नव्हता. आणि याच डब्यावर तेजस्वीचं मशीनही होतं, ते ठणठणीत.

"चाचा, लाइन नाही."

"मग खारी हवा."

तिने झाकण उघडून टॉर्च मारला. आतला मदरबोर्ड लख्ख. तिनेच गेल्या महिन्यात पुसलेला. "खारही नाही."

"मग जिन हाय," चाचा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

गणराज इतका वेळ कोपऱ्यात हातातला पेनड्राइव्ह उघडबंद करत उभा होता. तेजस्वी पाणी आणायला बाहेर गेली तसा तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सुचिताताई, माझं नाव घेऊ नका. पण शुक्रवारी दुपारी ती माझ्या मशीनवर बसलेली. तेजस्वी. मी बघितलं."

सुचिताला ते ऐकायला गोड लागलं. लाज वाटावी इतकं गोड.

३

ती थेट गॅलरीत गेली. तेजस्वी माठातून तांब्या भरत होती.

"शुक्रवारी दुपारी माझ्या मशीनवर काय करत होतीस?"

"तुझ्या?"

"मी जोडलेल्या. माझं नाव खराब झालं की तुलाच बरं, नाही का? म्हसळ्यातून कोणी यायलाच नको इथं."

तेजस्वीने तांब्या खाली ठेवला. "कोण म्हणालं शुक्रवारी?"

"कोणी का म्हणेना."

"सुची, शुक्रवारी मी दुपारभर बोर्लीत नसते. आईच्या गुडघ्याचा व्यायाम असतो श्रीवर्धनला, बारा ते तीन. चार महिने झाले. झियानभाईंचीच गाडी नेते, विचार त्यांना."

झियान दारातच होता. त्याने मान हलवली. "खरंय. एक शुक्रवार चुकला नाही. चावी मीच देतो आणि मग नमाजला जातो."

सुचिताचे कान तापले. खाली रस्त्यावर मासळीवाली ओरडत गेली.

तेजस्वी तिच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, दमल्यासारखी. "तू आल्यापासून बोर्ड चारदा वाचलास. आता एकदा माझं नाव सोडून वाच."

आता एवढं ऐकून घ्यायचं आणि तेही तिच्याकडून. पण सुचिता आत गेली. बोर्डासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदाच गणराजचे आकडे वर-खाली वाचले. मध्येमध्ये झियानने लाल रेघ मारलेली, मशीन मेलं त्या त्या दिवशी.

छत्तीस, छत्तीस, छत्तीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस, लाल रेघ. मग नवा प्रोसेसर. छत्तीस, अठ्ठावीस, लाल रेघ. पुन्हा नवा. छत्तीस, छत्तीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस, आणि आज.

मरायच्या आधी दर वेळी मशीन वाऱ्यासारखं पळालं होतं.

आणि अठ्ठावीस हा आकडा सुचिताला चांगला माहीत होता. या मशीनवर तो पहिल्यांदा निघाला होता जोडलं त्या दिवशी, आणि तिनेच काढला होता.

४

एक वाजून गेला होता.

सुचिता मशीनपाशी बसली. हात सवयीने मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीकडे गेला. किनाऱ्यावरचा कुठलाही रिपेअरवाला बघा, मशीन उघडलं की आधी बॅटरी काढणार, खोडरबराने टोकं घासणार, खार झटकणार. अनंतासरांनी शिकवलेला पहिला धडा. बाकी सगळं नंतर.

बॅटरीला बोट लागलं आणि सुचिता तशीच थिजली.

कारण बॅटरी काढली की मशीनच्या सेटिंग पुसल्या जातात. कोणी त्याला काय खायला घातलं होतं, किती पळवलं होतं, सगळं साफ. दोनदा मशीन मेलं, दोनदा तिने हेच केलं. चोर पकडायला आली आणि दोन्ही वेळा आधी फरशी पुसली तिनेच.

तिने हात मागे घेतला. "मला चालू प्रोसेसर पाहिजे. ह्याच जातीचा. सेटिंग तशाच ठेवून आत बघायचंय."

खोलीत तशा जातीचा एकच होता. तेजस्वीच्या मशीनमध्ये.

"काढ माझा," तेजस्वी म्हणाली.

"जळला तर?"

"लावणारी तू आहेस ना?"

सुचिताने तिचा प्रोसेसर काढला, पुसला, मेलेल्या मशीनमध्ये बसवला. झियान आणि चाचा खाली जेवायला गेले, गणराज त्यांच्या मागे गेला. आईचा फोन आला म्हणून तेजस्वी गॅलरीत गेली. सुचिताने बटण दाबलं.

मशीनने विचारलं, नवा प्रोसेसर दिसतोय, जुन्या सेटिंग ठेवू का? ठेव, तिने सांगितलं, आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीचं ते सेटिंगचं पान उघडलं. प्रोसेसरला द्यायचे व्होल्ट तिथेच लिहिलेले असतात. सव्वाच्या आसपास असायला हवे होते. होते एक पॉइंट सहा. प्रोसेसरला जास्त पळवायचं तर जास्त व्होल्ट पाजावे लागतात, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि हे एवढे व्होल्ट म्हणजे बैलाला दारू पाजून शर्यतीत सोडण्यासारखं. एक शर्यत जिंकेल. रोज पाजलं तर बैल संपला.

खाली छोट्या अक्षरांत लिहिलं होतं, ह्या सेटिंग कुठून आल्या. मदरबोर्डच्या चिपमध्ये नाव देऊन साठवलेल्या यादीतून. बॅटरी काढली तरी ती यादी पुसली जात नाही. यादीत एकच नाव होतं.

SUCHI28.

सुचिताला तो दिवस आठवला. मशीन जोडून आणलं तो. झियान म्हणाला होता, बघू तेजस्वीच्या मशीनपेक्षा पळतं का. आणि तिने चूपचाप व्होल्ट चढवले होते, एसी सोळावर, झाकण उघडं, एकच फिल्म. अठ्ठावीस मिनिटं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेजस्वीनेसुद्धा. मग तिने मशीन परत साध्या सेटिंगवर आणलं. पण ती विजयी सेटिंग पुसली नव्हती. नाव देऊन ठेवली होती, जसं कोणी बक्षिसाचा कप कपाटात ठेवतं.

एक बटण दाबलं की नाव जाणार होतं. कमलेशला काही दिसलं नसतं, कोणालाच नसतं. जिन्यात पावलं वाजली. बाहेर तेजस्वी फोनवर आईला सांगत होती, अगं सुची आलीये, होईल आता नीट.

सुचिताचं बोट डिलीटवर होतं.

५

साडेतीन वाजता सगळे वर जमले. झियान दाराला टेकून, चाचा खुर्चीत, गणराज खिडकीशी, तेजस्वी टेबलावर बसलेली. मशीन चालू होतं. सुचिताने आधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला होता, मग व्होल्ट साधे करून विंडोज सुरू केलं होतं.

"लाइनीत काही नाही, यूपीएस सांगतो. खार नाही. भाग खराब नाहीत, नाहीतर दर वेळी मरायच्या आधी मशीन जोरात पळालं नसतं." तिने बोर्डकडे बोट केलं. "प्रत्येक लाल रेघेआधी अठ्ठावीस आहे. कोणीतरी प्रोसेसरला जास्त व्होल्ट देत होतं."

"मी बोललो ना व्होल्टेज," चाचा म्हणाले.

"हो चाचा. पण तारेतलं नाही, आतलं. हाताने वाढवलेलं."

"कोणी?" झियानने विचारलं.

"ते करायला मशीन बंद करून परत सुरू करावं लागतं. आणि मशीन कधी सुरू झालं त्याची विंडोज वही ठेवतं. ही बघा." तिने स्क्रीन फिरवली. "नवा प्रोसेसर बसला की पुढच्या एखाद्या शुक्रवारी, एक दहा ते एक वीसच्या मध्ये, मशीन बंद करून परत सुरू केलेलं आहे. तिन्ही प्रोसेसरच्या वेळी हेच. मरतं शनिवार-रविवारी, कारण काम तेव्हा जास्त. म्हणून सगळ्यांना मुंबईचे एसी दिसले. पण पाजलं जातं शुक्रवारी."

झियान सरळ उभा राहिला. "शुक्रवारी एक वाजता मी मशिदीत असतो."

"अख्ख्या बोर्लीला माहितीये. चाचाही तुमच्याबरोबर. तेजस्वी श्रीवर्धनला." सुचिता खिडकीकडे वळली. "गणराज, सकाळपासून इथे सगळे शनिवार-रविवारबद्दल बोलत होते. शुक्रवार दुपार पहिल्यांदा तूच म्हणालास. मला तेव्हा ऐकायला इतकं आवडलं की मी विचारलंच नाही, शुक्रवारच का."

गणराजने पेनड्राइव्ह खिशात घातला. परत काढला.

"मला मशीन मारायचं नव्हतं," तो म्हणाला. "देवाशपथ. मला वाटायचं पहिला खराबच निघाला असेल, दुसरापण."

"मग?"

"छत्तीस." त्याचा आवाज चिरकला. "दर शनिवारी छत्तीस. आणि झियानभाई बोर्डासमोर उभे राहून तेजस्वी, तेजस्वी. घरी गेलो की कानात तेच. माझं कटिंग चांगलं असतं हो, पण बोर्डावर कटिंग कुठे दिसतं? अठ्ठावीस लिहिलं त्या शनिवारी पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवलात तुम्ही. परत छत्तीसवर कसा जाऊ?"

"आणि आज माझं नाव घेतलंस," तेजस्वी म्हणाली.

तो खाली बघत म्हणाला, "घाबरलो, तू शुक्रवारी नसतेस हेही आठवलं नाही. तू एकदा मेली असतीस तर चाललं असतं मला. मशीन म्हणजे. तुझं मशीन."

चाचांनी झियानकडे बघितलं. "बैलांची शरयत लावलीस घरात. मग चाबूक कोण तरी मारणारच."

झियानने बोर्डकडे एकदा बघितलं. तो गणराजला म्हणाला, "पण तुला हे येतं कुठून? व्होल्टबिल्ट?"

गणराजने वर बघितलं, ते सुचिताकडे. सांगू का, असं विचारल्यासारखं.

"माझ्याकडून," सुचिता म्हणाली.

६

तिने मोबाइल पुढे केला. फोटोत तिचं नाव ठळक होतं.

"पहिल्या दिवशी अठ्ठावीस काढले ते असे. तेजस्वीला हरवायला. गणराज मागे उभा होता, मी त्याला फुशारकीने दाखवलं, हे नाव निवडलं की मशीन पळतं. का धोक्याचं आहे ते नाही सांगितलं. मग जादू कसली राहिली असती. आणि पुसलंही नाही. आत्ता पुसणार होते, कोणी बघत नव्हतं. जाळले त्याने, पण काडेपेटी माझी."

झियानने फोटो मोठा करून बघितला. भिंतीवरचं घड्याळ पावणेचार दाखवत होतं. मग त्याने स्वतःचा फोन काढला आणि नंबर लावला.

"कमलेशभाई? कुठे पोचलात? अजून माणगाव? मग वळा मागे. हो, सापडलं. आमच्या म्हसळ्याच्या बाईंनी पकडलं. नाही, मशीनं त्यांच्याकडेच राहतील." फोन खिशात गेला. "स्वतःचं नाव पुसायला एक बटण होतं तुझ्याकडे. कमलेशने पुसलं असतं की नाही, मला माहीत नाही. म्हणून."

सुचिता बोलायला गेली, त्याने हात वर केला.

"ऐक आधी. दोन गोष्टी. गणराज महिनाभर फक्त कट करेल, पक्कं करायचं काम त्याच्याकडे नाही. आणि तू यापुढे इथलं कुठलंही मशीन उघडशील तेव्हा तेजस्वी शेजारी बसेल आणि तू केलेली प्रत्येक सेटिंग लिहून घेईल. कबूल?"

म्हणजे नाव वाचलं, पण तेजस्वीच्या वहीत. सुचिताने मान हलवली. "कबूल."

झियानने फडकं घेतलं आणि बोर्ड पुसायला लागला. गणराज न सांगता दुसरं फडकं घेऊन खालच्या ओळीपासून सुरू झाला.

सुचिता खाली आली, स्कूटरला चावी लावली. मागून तेजस्वी जिना उतरत आली, हातात वही आणि पेन.

"आत्तापासून?" सुचिता म्हणाली.

"नाही गं. हे माझ्यासाठी." तेजस्वी जरा लाजली. "त्या दिवशी तुझे अठ्ठावीस बघितल्यावर मी आठवडाभर नीट जेवले नाही. माझं मोठं कार्ड असून. कसं केलंस ते सांग ना. लावणार नाही, आईशपथ. नुसतं समजून घ्यायचंय."

सुचिता हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मग स्कूटरच्या सीटवर वही ठेवून दोघी वाकल्या, क्लासमध्ये वाकायच्या तशा, आणि सुचिताने वेग सांगितला, व्होल्ट सांगितले, पंख्याचं सांगितलं, मेमरीचं सांगितलं. तेजस्वी सारख्या अक्षरात भराभर लिहीत गेली.

सगळे आकडे सांगितले तिने. एक सोडून, ज्याच्याशिवाय अठ्ठावीस निघत नाहीत.